बेरकीचा उजवा पुढचा पाय

११ जानेवारी, शनिवार

मुलीने ही वही पाठवली. निळा पुठ्ठा, आत तारखा छापलेल्या. सोबत चिठ्ठी: ‘बाबा, फोनवर तुम्ही नुसतं बरं आहे म्हणता आणि ठेवून देता. निदान वहीत तरी खरं लिहा.’ म्हणजे फोनवर मी खोटं बोलतो की काय? पण वही चांगली जाड आहे. पडून राहण्यापेक्षा लिहिलेली बरी.

तर खरं असं. मी नालबंद. शर्यतीच्या घोड्यांना नाल ठोकतो. वडील तेच करायचे. त्यांनी मला शिकवलं आणि धाकट्यालाही शिकवलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अकरा वर्षं आम्ही बोलत नाही. तो मैदानाच्या पलीकडच्या तबेल्यांचं काम बघतो, मी अलीकडच्या. मैदान मोठं आहे, त्यामुळे सोयीचं पडतं.

बायको जाऊन चौदा महिने झाले. राहायला वर दोन खोल्या, खाली इस्त्रीचं दुकान. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. त्यांची संध्याकाळची मालिका मी नुसती ऐकतो. त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नाही, पण थोरल्या सुनेवर अन्याय होतोय हे मला पक्कं कळलंय. काल शेजारी बाहेरगावी गेले होते, मालिका लागली नाही, तर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

अक्षर फार वेडंवाकडं येतंय. पेन भिकार आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

आज बेरकीचे नाल बदलले. शर्यतीच्या कार्डावर तिचं नाव हातभर लांब आहे, तबेल्यात ते कोणाच्याच तोंडी बसत नाही. बेरकी हे नाव मोतद्दाराने ठेवलं. तिची सगळी देखभाल तोच करतो. तो काडीपैलवान, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणतात. बेरकी चार वर्षांची, तांबूस, अस्सल जातिवंत, आणि उजवा पुढचा पाय घोट्यापर्यंत पांढरा. पांढऱ्या पायाचा खूर नरम असतो. तिथे खिळा जपून मारावा लागतो. माझ्याशिवाय ती कोणाला पाय देत नाही असं पैलवान म्हणतो. पैलवान सगळ्यांनाच बरं वाटेल असं बोलतो, पण हे खरं असावं.

जुने नाल काढताना एक गोष्ट पाहिली. खिळा खुरातून बाहेर येतो तिथे त्याचं टोक तोडून, वळवून, कानसून बसवायचं असतं. वडील ती टोकं टाचेकडे किंचित कललेली ठेवायचे. ते वळण जगात फक्त आमच्या घरात आहे. बेरकीच्या पायावर, तीन आठवड्यांनंतरसुद्धा, सगळी टोकं एका रेषेत आणि सगळी तशीच कललेली. बसून बघत राहिलो. हात अजून आहे म्हणायचा.

नवे नाल ठोकताना मात्र मजा आली नाही. हातोड्याचा दांडा नवीन आहे, मुठीत फिरतो. शिवाय तबेल्यात उजेड कमी.

१९ जानेवारी, रविवार

मुलीचा फोन. जेवलात का, औषध घेतलं का, हात कसा आहे. हाताला काय झालंय? म्हटलं, दोन आहेत, दोन्ही जागेवर आहेत. मग म्हणाली, “काका भेटले का हो कधी?” मी म्हणालो, “कुकर लावलाय,” आणि फोन ठेवला. कुकर लावलेला नव्हता. हे ते खरं लिहिणं.

भात अजून दोघांचा होतो. वाटीचं माप बायकोचंच आहे. एकाचा करायचा म्हटलं तर किती घ्यायचा ते मला माहीत नाही, आणि विचारावं कोणाला?

२४ जानेवारी, शुक्रवार

बाई आज मालकांना घेऊन आल्या. बाई म्हणजे आमच्या ट्रेनर. त्यांचे वडील ट्रेनर होते तेव्हा त्या फ्रॉकमध्ये तबेल्यात हिंडायच्या आणि माझ्या पेटीतले खिळे चोरायच्या. आता त्यांच्या एका शब्दावर बारा घोडे पळतात. मालकांना म्हणाल्या, “बेरकीला मोठ्या शर्यतीत उतरवायचं.”

मोठी शर्यत म्हणजे मोठा कप. दीड मैल. यंदा शंभरावी. गेल्या तीस वर्षांत एकाही घोडीने तो जिंकलेला नाही. वर्तमानपत्रवाले आत्तापासून फिरतायत.

मला कपाशी देणंघेणं नाही. मला भिंतीशी आहे. रेस क्लबच्या हॉलमध्ये एक लांब भिंत आहे. दरवर्षी जिंकलेल्या घोड्याचा उजवा पुढचा नाल शर्यत संपल्या संपल्या सगळ्यांसमोर काढतात आणि तिथे लावतात. खाली पितळी पट्टी: साल, घोडा, मालक, ट्रेनर, जॉकी आणि शेवटी नालबंद. वडिलांचं नाव तिथे दोनदा आहे. माझं एकदाही नाही. चाळीस वर्षं मी वाट पाहतोय. एकदा दुसरा नंबर आला, एकदा चौथा. यंदा डॉक्टरांनी सांगितल्यासारखं मनात येतंय की हेच शेवटचं. असं का वाटतं ते कळत नाही. माझं वय काही फार झालेलं नाही, वडील सत्तरीपर्यंत ठोकत होते.

बाईंनी विचारलं, “जमेल ना?” म्हटलं, “घोडामैदान जवळच आहे.” त्या हसल्या नाहीत.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी तीन घोड्यांचे नाल बसवून दहाला घरी आलो. हल्ली बाई दहानंतर थांबू देत नाहीत. “जा, विश्रांती घ्या.” पूर्वी दुपारी दोनपर्यंत राबवून घ्यायच्या. लोकांना वय झालं की माणुसकी सुचते, त्यांना लवकर सुचली.

घरी आल्यावर कळलं, चष्मा तबेल्यात राहिला. परत गेलो तर फाटकावरच पैलवानाने अडवलं. त्याचा गुडघा कसा दुखतो, त्याच्या सासूचा गुडघा कसा दुखायचा, तेलाने काय होतं, शेकाने काय होतं. अर्धा तास. मी म्हणतोय चष्मा, तो म्हणतोय गुडघा. शेवटी म्हणाला, “तुम्ही इथेच सावलीत बसा, मीच आणतो,” आणि दुखऱ्या गुडघ्याने पळत गेला की!

आतून हातोडीचा आवाज येत होता. विचारलं तर म्हणाला, सुतार आलाय, दार दुरुस्त करतोय. सुताराचा हात चांगला आहे. ठोका मोजून पडत होता, एक हलका, दोन जड, मग थांबून एक. वडीलही असेच ठोकायचे. हल्लीच्या पोरांना सांगायला हवं, ऐका, याला हात म्हणतात. नाहीतर त्यांचं नेहमीचंच, हातोडी जड आहे आणि खिळे खराब आहेत. नाचता येईना अंगण वाकडं.

नवीन पेन आणलं. तेही भिकारच निघालं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बेरकी आज छोट्या शर्यतीत पहिली आली. चार लांबीने. ती सुरुवातीला सगळ्यांच्या मागे रमतगमत चालते, कोणाला वाटावं हिला पळायचंच नाही, आणि शेवटच्या वळणावर तिला एकदम घर आठवतं. पैलवानाने मला मिठी मारली. बाईंनी लांबूनच हात केला.

चार महिन्यांत माझ्या एकाही घोड्याचा नाल निखळलेला नाही. मी बाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, “हो, खरंच,” आणि कागद चाळायला लागल्या. कौतुकाचा एक शब्द जास्त बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं.

घरी येऊन दार उघडलं आणि ‘अगं जिंकली’ असं मोठ्याने म्हणून बसलो. सवय. मग उगाच खिडकी उघडली, बंद केली. शेजारी टीव्हीवर थोरल्या सुनेला घराबाहेर काढत होते. आज मला ते ऐकवेना.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते लिहायचं की नाही यावर तासभर गेला. लिहितो.

शर्यतीचे नाल वेगळे असतात, हलके, पातळ. तीन दिवस आधी बसवतो. आज बेरकीचे बसवले. डावा पुढचा झाला, मागचे दोन झाले. उजव्या पुढच्याला पोचलो तेव्हा बाई मालकांना घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या. मालकांबरोबर फोटोवाला.

खूर तासला छान. तो हात बिघडत नाही. दोन खिळे गेले. बाहेरच्या बाजूचा तिसरा मारताना आवाज बदलला. चांगल्या खुरात खिळा जातो तेव्हा ठणठणीत आवाज येतो. आत जिवंत भागाजवळ गेला की बद्द येतो. बद्द आला. बेरकीने पाय ओढला. फार नाही, पण ओढला.

अशा वेळी काय करायचं हे पहिल्याच वर्षी शिकवतात. खिळा उपटायचा, नाकाशी धरायचा, ओला आहे का पाहायचा, भोक रिकामं सोडून द्यायचं. एका मिनिटाचं काम. पण मालक बघत होते, फोटोवाला वाकून फोटो काढत होता. खिळा उपटला असता तर सगळ्यांना कळलं असतं की माझा खिळा चुकला. मी पुढचा खिळा घेतला.

काम संपल्यावर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “झकास बसलेत.” त्या म्हणाल्या, “दहा वाजले. जा तुम्ही घरी.”

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्री झोप नाही. सकाळी गेलो तेव्हा बेरकी सराव करून आली होती. पैलवान म्हणाला, पाखरासारखी पळाली. मग खिळा लागलेला नसेल. कधीकधी आवाज फसवतो. कधीकधी खिळा जवळून जातो, आणि तीन दिवसांनी, भर वेगात, खूर दबतो तेव्हा टोचतो. पाय तेव्हा मोडतो.

तिचा पाय उचलून बघता आला असता. तिच्या खणापाशी उभाही राहिलो. तिने मान बाहेर काढून माझ्या खिशात तोंड घातलं. पण बघितलं की कळणार, आणि कळलं की सांगावं लागणार. सांगितलं की बाई तिला शर्यतीतून काढणार, निदान मला तरी काढणारच. बघितलं नाही. घरी आलो.

१ मार्च, शनिवार

दिवसभर कोणाशी बोललो नाही. दूधवाल्याशी एकदा, ‘उद्या नको’ एवढंच.

धाकट्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही असं पहिल्या पानावर लिहिलंय. ते खोटं आहे. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकत्र काम करायचो. मी ठोकायचो, तो पाय धरायचा आणि तासायचा. याच शर्यतीच्या तीन दिवस आधी एका उमद्या काळ्या घोड्याला मी नाल ठोकत होतो, आणि धाकटा मालकांसमोर म्हणाला, “दादा, खिळा आत गेलाय. काढ.” मी म्हणालो, “तू शिकव मला.” मालक हसले. मी खिळा तसाच ठेवला. घोडा निम्म्या शर्यतीत लंगडला. वाचला, पण पुन्हा पळाला नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो की धाकट्याने ऐनवेळी अपशकुन केला, घोड्याला बिचकवलं. त्याला म्हणालो, “चारचौघांत माझी लाज काढलीस, पुन्हा तोंड दाखवू नकोस.” त्याने दाखवलं नाही. माझं एवढं एकच म्हणणं त्याने आयुष्यात मुकाट ऐकलं.

खिळा आत गेला होता. मला तेव्हाही माहीत होतं. आवाज बद्द आला होता.

उद्या सकाळी बाईंना सांगणार. भिंत गेली खड्ड्यात. बेरकीचा पाय मोडला तर मला या दोन खोल्यांत राहता येणार नाही.

२ मार्च, रविवार

संध्याकाळ झाली आहे. लांबलचक लिहावं लागणार.

सहाला तबेल्यात पोचलो. पैलवान बेरकीला खरारा करत होता. म्हटलं, “बाईंना बोलाव. खिळा काढायचाय.” त्याचा चेहरा उतरला. “कशाला दादा, सगळं ठीक आहे.” मी म्हणालो, “मला शिकवू नकोस,” आणि म्हणताना लाज वाटली. तो बाईंना आणायला गेला. तोवर मी खाली बसलो, पाय गुडघ्यांत घेतला, ओल्या फडक्याने पुसला.

बाहेरच्या बाजूला तीन टोकं. एका रेषेत. टाचेकडे किंचित कललेली. तिसरा खिळा माझ्या खिळ्यापेक्षा अर्धं बोट मागे, भक्कम खुरात. माझ्या खिळ्याचं भोक मेणाने बुजवलेलं.

पहिल्यांदा वाटलं, मीच केलं असेल, विसरलो असेन. मग कानशीचे ओरखडे पाहिले. ताजे होते, अजून मळले नव्हते. माझे ओरखडे उजवीकडून डावीकडे उतरतात. हे डावीकडून उजवीकडे उतरत होते. वडिलांचं वळण येणारी माणसं जगात दोन. त्यातला एक डावखुरा.

तसाच बसून राहिलो. बेरकीने सगळा भार माझ्यावर टाकला. बाई आल्या, शेजारी उकिडव्या बसल्या.

मी विचारलं, “कधीपासून?”

“ऑक्टोबरपासून.”

“सगळे घोडे?”

“सगळे. तुम्ही दहाला गेलात की ते येतात. खूर तासलेला तसाच ठेवतात. म्हणतात, असा तोल दादाशिवाय कोणाला साधत नाही. फक्त खिळे काढून परत मारतात.” मग माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, “तुमचे हात थरथरतात. तुम्हाला माहीत नाही का?”

मी म्हणालो, “पेन खराब होतं.” काय बोललो ते त्यांना समजलं नसणार.

“मला काढून का नाही टाकलंत?”

“तुमच्या मुलीने त्यांना फोन केला, ते माझ्याकडे आले. त्यांची एकच अट होती. म्हणाले, मागे मी चारचौघांत बोललो तर दादाने अकरा वर्षं तोंड पाहिलं नाही. या वेळी कोणी काही बोलायचं नाही.”

म्हणजे तो सुतार! आणि मी त्याच्या हाताची तारीफ वहीत लिहून ठेवली. जानेवारीत ती टोकं बघून हात अजून आहे म्हणून मिरवत होतो, तेही त्याचंच. पैलवानाला माहीत, बाईंना माहीत, पोरीला माहीत, घोड्यांना माहीत. मलाच काय ते माहीत नव्हतं. चिडायला हवं होतं. चिडण्याइतकंही बळ आलं नाही. फक्त बेरकीचा पाय मोडणार नाही एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

दुपारी शर्यत. मी शेवटच्या वळणाशी, कठड्याला टेकून उभा राहिलो. चौदा घोडे. सुटले तेव्हा बेरकी तेरावी. लोक ओरडत होते, कोणी नावं घेत होतं, कोणी शिव्या देत होतं. मी फक्त तो पांढरा पाय पाहत होतो. पडतोय, उचलतोय, पडतोय. वळणावर ती बाहेरच्या बाजूने आली, आठवी, पाचवी, माझ्यासमोरून गेली तेव्हा तिसरी. पाय सरळ पडत होता. पुढचं मला दिसलं नाही, सगळे कठड्यावर चढले होते. मग एकदम असा गलका झाला की कळलं. तीस वर्षांनी घोडी. अर्ध्या लांबीने.

बुटका जॉकी रडत होता, मालक नाचत होते. जिंकलेल्या घोड्याला आणतात त्या चौकात घोडी आणली, क्लबचे सेक्रेटरी कर्ण्यातून ओरडले, “नालबंद!” लोकांनी वाट करून दिली. चाळीस वर्षं मी मनातल्या मनात त्या वाटेने चाललेलो आहे. आज खरोखर चाललो तर पाय जड.

पाय उचलला. खिळ्यांची टोकं उघडायची, मग पकडीने नाल ओढायचा. पकड टोकावर टेकत नव्हती. हात इतका हलत होता की मीच त्याच्याकडे बघत राहिलो, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. लोक गप्प झाले. त्यांना वाटलं असेल, म्हातारा विधी मनापासून करतोय. पैलवान शेजारी गुडघे टेकून बसला, त्याने माझं मनगट धरून ठेवलं, आणि असा तो नाल निघाला. टाळ्या पडल्या.

सेक्रेटरींनी कागद काढला. “नालबंदाचं नाव... तुमचंच, लिहितो.”

मी म्हणालो, “थांबा. माझं नाही.”

बाईंनी खाली पाहिलं. सेक्रेटरी म्हणाले, “म्हणजे?”

“खिळे माझे नाहीत. ज्याचे आहेत त्याचं नाव लिहा.” आणि मी धाकट्याचं नाव सांगितलं. आधी त्याचं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्याचं नाव अकरा वर्षांत माझ्या तोंडून निघालं नव्हतं. हात थरथरत होता, पण आवाज नीट आला.

“ते कुठे आहेत?” सेक्रेटरींनी विचारलं. आलाच नव्हता तो. माझा दिवस म्हणून घरी बसला होता.

पट्टीवर खूर तासणाऱ्याची ओळ नसते. मी घरी आलो. भिंतीवर यंदाही मी नाही. वाईट वाटतंय. वाटत नाही असं लिहिणार होतो, पण वाटतंय.

३ मार्च, सोमवार

सकाळी धाकट्याकडे गेलो. त्याचं घर मैदानाच्या पलीकडे, चालत वीस मिनिटं. दार त्यानेच उघडलं. केस सगळे पांढरे झालेत. त्याच्या हातात सकाळचं वर्तमानपत्र होतं.

म्हणाला, “कोणी सांगितलं होतं तुला माझं नाव द्यायला?”

“खिळे तुझे होते.”

“खूर तुझा होता! नाव लागावं म्हणून केलं का मी? पाच महिने लपतछपत गेलो, पैलवानाला खोटं बोलायला लावलं, आणि तू एका मिनिटात सगळं मातीत घातलंस.”

“मग काय खोटं लिहू द्यायचं होतं?”

“एकदा! आयुष्यात एकदा गप्प बसला असतास तर?”

“तू बसला होतास का, मागे?”

आतून त्याची बायको आली. म्हणाली, “अकरा वर्षांनी आलात दादा, आणि उंबऱ्यातच सुरुवात. निदान आत येऊन तरी भांडा.”

आत गेलो. बसलो. भांडायचं होतं ते संपलं होतं, दुसरं काही सुचेना. मी म्हणालो, “चूक माझी होती. त्या काळ्या घोड्याच्या वेळी. मला तेव्हाच माहीत होतं.” तो म्हणाला, “मलाही माहीत होतं की तुला माहीत आहे.” मग तो उठून माझ्यासमोर पाटावर बसला, माझा उजवा हात त्याने आपल्या गुडघ्यावर घेतला आणि उलटा करून पाहिला. दुखरा खूर तपासतात तसा अंगठ्याने एकेक जागा दाबत गेला.

“इथे दुखतं?”

“नाही.”

“इथे?”

“दुखत नाही रे कुठेच. नुसता थरथरतो.”

“वहिनी असती तर तिने पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं,” तो म्हणाला.

आणि मग ते तोंडातून निघालंच. वहीतसुद्धा मी हे लिहिलेलं नाही, इतकं ते खोल सलत होतं. मी म्हणालो, “ती गेली तेव्हा तू आला नाहीस.”

तो हाताकडेच बघत होता. “आलो होतो. तुमच्या जिन्यात बसलो होतो, पहिल्या वळणावर. चार तास. सगळे मला ओलांडून वर गेले. वाटलं, कोणीतरी तुला सांगेल.”

“कोणी सांगितलं नाही.”

“सांगितलं असतं तर?”

मी खोटं बोललो नाही. “हाकललं असतं.”

त्याने मान हलवली. मला रडू आवरेना. साठी उलटलेला माणूस, भावाच्या घरात, त्याच्या बायकोसमोर, हमसून हमसून. त्याने हात सोडला नाही. एवढंच म्हणाला, उद्या सातला तबेल्यात ये, तू तास, मी ठोकतो, आणि दहाला आपण डॉक्टरकडे जाऊ. जेवूनच जा म्हणाले दोघं. जेवलो.

घरी येताना जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबलो. कोणी येतजात नाही असं पाहून खाली बसलो. तिथून आमचं दार दिसत नाही. पण वरचं सगळं ऐकू येतं. शेजाऱ्यांचं कोणीतरी फोनवर बोलत होतं, ते अगदी कानाशी बोलल्यासारखं येत होतं. म्हणजे त्या दिवशी मी तिला हाका मारत होतो, त्या सगळ्या त्याने ऐकल्या.